कोंबडे नाचले ती जमीन

ऐक, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. लॉर्ना ट्रकमध्ये बसलेली. इंजिन बंद, काच बोटभर उघडी. उजाडायला लागलं होतं आणि समोरच्या माळावर एक पक्षी नाही! नुसती सेजची राखाडी झुडपं आणि मधली उघडी जमीन. तिचे दात वाजत होते. थंडीने की भीतीने, तिचं तिलाच कळत नव्हतं.

शेजारी इव्हॉन, मांडीवर टॅब्लेट घेऊन. ती तपासनीस, पक्षी येतात का ते बघायला आली होती. म्हणजे कसं, डोंगरापलीकडे सोन्याची खाण आहे ना, तिथे रानकोंबड्यांचं रान गेलं. म्हणून दुसरं कुणी त्यांच्यासाठी रान राखलं, तर खाणवाले त्याचे पैसे देतात. क्रेडिट म्हणतात त्याला. पण रान नुसतं राखून भागत नाही, कोंबडे नाचायला यायला लागतात.

मागच्या सीटवर लॉर्नाचा मोठा भाऊ क्लिंट, वाळवलेलं मांस चघळत. "आले नाहीत तर मी त्या प्लॉटवाल्याला फोन लावतो हं. ठरलंय आपलं."

ठरलं होतंच. बाप गेल्यावर गुरांचं रँच दोघांच्या नावावर झालं. क्लिंटला विकून मोकळं व्हायचं होतं. लॉर्नाने एक वसंत मागून घेतला होता, एकच. तिने त्या माळावरची जुनिपरची झाडं स्वतः करवतीने कापलीत, का, तर त्यावर ससाणे बसून कोंबडे टिपतात. ऐन चाऱ्याच्या दिवसांत गुरं दुसरीकडे हाकलीत. काटेरी तारेला पांढऱ्या फिती लावल्यात, कोंबडे अंधारात तारेवर आपटू नयेत म्हणून. बोटं फुटली होती तिची.

आणि आले! आधी एक, मग हा घोळका. छाती फुगवून, शेपटीचा पंखा करून, पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज काढत नुसते मिरवायला लागले. लॉर्नाने तोंडावर हात दाबला. क्लिंटसुद्धा चघळायचा थांबला.

इव्हॉनने टॅब्लेटवर खूण केली. मग कपाळाला आठ्या. नकाशा मोठा केला, परत मोठा केला.

"लॉर्ना, ही तार तुमची हद्द नाहीये. हे नाचतायत ती जमीन शेजाऱ्यांच्या नावावर आहे."

अगं, आपल्याकडच्या तारा तुला माहितीयेत. खडकात खांब जात नाही, मग आजोबा लोकांनी जिथे सोयीचं तिथे तार टाकली. हा माळ तू घे, तो तुकडा मी घेतो, हात मिळवले, वाइन प्याले, विषय संपला. कागदावर कोण जातंय?

"शेजाऱ्यांनी इथे तार हीच हद्द असं लिहून दिलं तर चालेल," इव्हॉन म्हणाली. "वकिलांचं नंतर बघू. पण सही आज हवी."

क्लिंटने टॅब्लेट हातात घेतला आणि बोटाने नकाशा वर सरकवला. मग हळूच लॉर्नाला कोपर मारलं. वरचा झरा! शेजारच्या मार्सेलच्या मेंढ्या अख्खा उन्हाळा ज्यावर जगतात, तो झरा कागदावर या दोघा भावंडांचा होता. त्या माळाच्या बदल्यात आजोबांनी नुसता तोंडी दिलेला.

"गप्प बसायचं," क्लिंट तिच्या कानात म्हणाला. "आधी सही. मग माळही आपला, झराही आपला."

मार्सेल इतुरियागा तेवढ्यात आलाच. बास्क मेंढपाळ घराण्यातला म्हातारा, मेंढरं व्यायचे दिवस, रोज तारेकडेने फिरायचा. पिकअप थांबवला, कुत्र्याला दटावलं, उतरला. इव्हॉनने सगळं सांगितलं. माळ त्याचा आहे हेही, पैसे येणार आहेत हेही. काही लपवलं नाही तिने. झऱ्याचं तिला माहीतच नव्हतं.

म्हातारा तारेवरच्या फितींकडे बघत राहिला. "झाडं हिने तोडली. माझ्या मेंढ्यांनी नाही तोडली. कुठे करू सही?"

ट्रकच्या बॉनेटवर कागद. त्याने चष्मा शोधला. शर्टाला पुसला. पेन तळहातावर चालवून बघितलं. मग एकेक अक्षर काढायला लागला, शाळेतल्या पोरासारखं, आणि आडनाव केवढं ते!

"सही करताय की मेंढी कातरताय?" क्लिंट म्हणाला.

"मेंढी लवकर होते रे."

लॉर्ना पेनाच्या टोकाकडे बघत होती. आता सांगितलं तर तो पेन खाली ठेवेल, झऱ्यावरून भांडण लागेल, वकील, कोर्ट, आणि क्लिंट विकून मोकळा. नाही सांगितलं तर? जुलैत त्या मेंढ्या झऱ्यापाशी येतील आणि क्लिंट तिथे कुलूप लावून उभा असेल. आडनाव निम्मं झालं. निम्म्याच्या पुढे गेलं. शेवटचं अक्षर उरलं.

"मार्सेल, थांबा!" केवढ्यांदा ओरडली, माळावरचे कोंबडे भुर्रकन उडाले. "वरचा झरा कागदावर आमचा आहे. तुमचा नाही."

क्लिंटने शिवी हासडली. म्हाताऱ्याने पेन कागदावरून उचललं नाही, नुसती मान वर केली.

"माहितीये मला," तो म्हणाला. "म्हणून तर इतकी सावकाश सही करत होतो."

आता खरं सांग. तू असतीस, तर कुठल्या अक्षराला तोंड उघडलं असतंस?