हिरवा ठिपका

आबांच्या मनगटावरून उतरवलेला पट्टा हेमांगीने त्यांच्याच ओट्यावर बसून उघडला. आतली चिप शाबूत होती. नाण्याएवढी बॅटरीही बरीच शिल्लक होती.

ती जळगावात, केळीबागेतली ओल मोजणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत कामाला होती. दोंडाईच्यात एकटे राहणाऱ्या वडिलांसाठी, झुलालआबांसाठी, हा पट्टा तिने स्वतःच बनवला होता. फोनवर आबांना काही ऐकू यायचं नाही. पट्ट्यातली चिप एरवी झोपलेली असे, म्हणून तर एवढीशी बॅटरी वर्षभर पुरायची. हात हलला की चिप जागी व्हायची, भिंतीवरच्या डब्यामार्फत हेमांगीच्या मोबाइलवर हिरवा ठिपका पाठवायची आणि पुन्हा झोपायची. हे तिने आबांना खुणा करकरून समजावलं होतं. आबांनी मान डोलावली होती.

पण पुढे तिचा हिशेब चुकला. रोज दिवेलागणीला, आबा खुर्चीत बसलेले असताना, चिप सारखी जागी व्हायला लागली. ठिपक्यामागून ठिपके. बॅटरी भराभर उतरायची. म्हातारा हात, थरथरत असेल, असं तिला वाटलं. मागच्या महिन्यात तिने जळगावातूनच चिपला नवी सूचना पाठवली. बसल्या जागी हात हलला तर उठायचं नाही. माणूस चालला किंवा पडला तरच उठायचं. त्यानंतर संध्याकाळी ठिपके आले नाहीत. दुरुस्ती जमली म्हणून ती खूश होती.

आबा गेले तेही खुर्चीतच. त्या संध्याकाळी मोबाइलवर काहीच आलं नव्हतं. शेजारच्या नवलचा फोन आला तेव्हा तिला कळलं.

नवलची आई झुंबरबाई चहा घेऊन आली आणि तिच्याजवळ टेकली.

"झोपेतच गेले ना, अक्का," हेमांगी म्हणाली. "खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. त्रास झाला नाही त्यांना, एवढंच समाधान."

झुंबरबाईने तिच्या मांडीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"रोज सांजले यान्हासंगे बोलेत ते," ती म्हणाली. "हात हालाडेत आन् म्हनेत, हेमा, मी बरा शे. मन्ही पोरले तठे समजस, असं सर्वास्ले सांगेत."

हेमांगीने चहाचा कप खाली ठेवला.

"त्या दिन छातीमा दुखाले लागनं त्यास्ले. मी नवलले गाडी आनाले धाडं. आबा नुसता हात हालाडी ऱ्हायंतात. मी म्हनं, हेमाले फोन लावू का?"

"मग?"

झुंबरबाईने पदराने डोळे पुसले.

"हासनात. म्हने, कसाले? तिले कव्हाच सांगी दिधं शे. निंघनी व्हई ती."