दुप्पट रॅम

“काका, तुमच्या दुकानातून रॅम दुप्पट करून आणली आणि गेमची पार गोगलगाय झाली. रोगापेक्षा इलाज भयंकर!” कॉलेजातल्या मुलीने त्याला दारातच फैलावर घेतलं.

दुकानदार वरमला. काम धाकट्या भावाने केलं होतं. तो आता कुठे मार्गी लागत होता. त्याचा हिरमोड नको, म्हणून हा त्याला पत्ता लागू न देता परस्पर तिच्या घरी आला होता.

तिच्या खुर्चीत बसून त्याने कॉम्प्युटरची रॅम काढून पुन्हा बसवली. ती ठणठणीत होती. मग मशीनमध्ये काय काय चालू आहे ते पाहिलं. एक अनोळखी प्रोग्राम मशीनचा जीव काढत होता. या खोलीचं चित्र तो सतत बाहेर कुठेतरी पाठवत होता.

“कॅमेरा कशाला चालू ठेवलायस?”

“मी? मी तर तो कधी वापरतच नाही.”

पलीकडे कोण हरामखोर बसलाय, या संतापाने त्याने पडद्यावरच्या बारीक भिंगात रोखून पाहिलं.

खिशातला फोन वाजला. भावाचा होता.

“दादा, तू तिच्या खुर्चीत काय करतोयस?”