तळ्यातल्या बाभळी

थंडी पडली तशी शेटफळच्या तळ्यात भिमाच्या जाळ्याला काही लागेना. शेजारच्या गेणूची पाटी मात्र रोज भरून वालचंदनगरच्या नव्या चाळींत खपायची. भिमाला ते बघवेना. एका सकाळी त्यानं बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि दगड बांधून गेणूच्या जागेवर बुडवल्या. "फाटू दे लेकाचं जाळं!"

चार दिवसांनी गेणू दारात आला. पाटीत मासे मावत नव्हते.

"जाळं फाटलं, मग गळ टाकला. गारठ्यात मासं आडोसा धरत्यात. समदं त्या काट्यातच येऊन बसल्यात."

"मग मला कशाला सांगतुयास?" भिमा जळून म्हणाला.

गेणूनं दोन मोठे मासे उंबऱ्यावर ठेवले.

"ह्यो तुजा वाटा. बाभळ तोडताना हात लई ओरबाडलं तुजं."