आरसा

“हिला दोन फटके हवेत, मॅडम. मुद्दाम उलटी अक्षरं काढते,” नातीला पुढे ढकलत निवृत्त गुरुजी म्हणाले. शाळेच्या समुपदेशक बाईंनी त्यांना आवाजावरूनच ओळखलं. पाचवीत ‘ठोंबी’ म्हणून हिणवलेली ही विद्यार्थिनी गुरुजींना कुठली आठवायला! असल्या पालकांची खोड मोडायला बाईंकडे आरसा होता. तो त्यांनी टेबलावर उभा केला. “हाताकडे बघायचं नाही. आरशात बघून स्वतःचं नाव लिहा. एकच मिनिट.” पेन भरकटलं. अक्षरं उलटी पडली, खोडून पुन्हा लिहिली तरी उलटीच. मिनिट संपलं तरी बाईंनी थांबवलं नाही. मग खणातली लाकडी पट्टी काढून पुढ्यात ठेवली. “माझीही अक्षरं उलटीच यायची, गुरुजी. बोटं सुजेपर्यंत मारलंत. आता पहिला फटका कुणाला?” गुरुजींनी हात पुढे केला. बाईंनी पट्टी उचलली नाही. “हात तसाच ठेवा,” त्या म्हणाल्या. “नातीला नीट बघू दे.”