नुसती चर्चा

“दादा, आमच्या टीममधल्या ईश्वरीला गोव्याचा क्लब खरंच नेणार आहे का रे?” अख्ख्या टीमनं ‘हिंमत असेल तर विचार’ म्हणून डिवचलं होतं, म्हणून विचारलंच. कोल्हापूरच्या फुटबॉलची वेबसाइट माझा चुलतभाऊच चालवतो ना!

“कुठला क्लब न् काय! मीच टाकलंय. शेवटी ‘अशी चर्चा’ लिहिलं की झालं. चार हजार जणांनी उघडली बातमी.”

“मग माझं नाव टाकायचंस की! गोल मीही मारते.”

“तुझं? कोण उघडणार, खुळे?”

माझा असा जळफळाट झाला! सायकल हाणत मैदान गाठलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, “ईश्वरे, खोटंय ते! तुला कुणीबी नेत नाही!”

ती हसली. “ठाऊक आहे गं. मी त्याच दिवशी क्लबला फोन केला. ते म्हणाले, असं काही नाही, पण रविवारी खेळाडू निवडायला खुली ट्रायल आहे, ये.” तिच्या पायात नवे कोरे बूट होते. बातमी वाचून तिच्या पप्पांनी आणलेले. माझा जळफळाट दुप्पट. खोट्या बातमीवरून हिनं खरा फोन केला, आणि मी? मी त्या खोट्या बातमीतच जागा मागत बसले होते!

घरी पोचले आणि चपलाही न काढता जाहीर केलं, “आई, पप्पा, रविवारी मी ईश्वरीबरोबर गोव्याला ट्रायलला जाणार. तुमच्यापैकी कोण येतंय ते ठरवा. आणि दादाला सांगा, ही नुसती चर्चा नाही!”