गुणाजीच्या खानावळी

“मोंबासाला दर्यासमोर काचेचं मोठं हॉटेल हाय, तिथं जायचं न्हाय,” गुणाजी म्हणाला. “मागच्या गल्लीत एका अरबाची खानावळ हाय. तिथं जा.”

“पण काका, त्या हॉटेलातल्या खेकड्यांचं नाव तर सगळ्या बोटींवर घेतात,” चंदर म्हणाला.

“घेऊ देत. तू गल्लीत जा. खिडकीजवळचं बाकडं धर.”

“बाकडं शिजवून घालतात काय तिथं?” चुलीपाशी बांगडे साफ करणारी रंगू म्हणाली. चंदर हसला. गुणाजी हसला नाही.

चंदर रंगूचा एकुलता एक मुलगा. दिघी गावात कुणाचीही हळद असो, कालवणाला त्यालाच बोलावत. आता एका बोटीवरच्या आचाऱ्याने त्याला हाताखाली घेतलं होतं आणि परवा मुंबईला निघायचं होतं. प्रत्येक बंदरात एकदा तरी जन्मभर आठवेल असं जेवायचं आणि परत येऊन तसं रांधायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जागा सांगायला शेजारचा गुणाजी होता. त्याने उभं आयुष्य बोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकण्यात घालवलं होतं.

रोज संध्याकाळी तो येऊन बसे. चंदरने एखादी नावाजलेली जागा काढली की ती मोडीत काढी आणि कुठली तरी बोळातली सांगे. लिव्हरपूलला एका चिन्याची खानावळ. तिथं भिंतीकडचं टेबल. तिथं खायचं काय, हे मात्र तो कधी सांगत नसे. विचारलं की म्हणे, “असंल ते खा.”

रंगूला हेच खटकत होतं. जेवलेल्या माणसाला जेवण आठवायला हवं. याला बाकडं कसं आठवतं? गावातला रतन असाच एका बंदरात जेवायला म्हणून उतरला, तो परत आलाच नाही. परदेशातल्या गल्ल्यांत पोरं पळवणारे दलाल असतात, असं मासळीबाजारात बायका बोलत. गुणाजी त्यांच्यातला तर नसेल?

“जेवूनच जा, भावोजी,” ती म्हणाली.

तिने दोन भांड्यांत कालवण केलं. एकात मीठ घातलं नाही. ते गुणाजीला वाढलं.

गुणाजीने भात कालवला, दोन घास खाल्ले, बोटं चाटली. “झकास! मीठ कसं बेताचं पडलंय. पोराला हात तुझाच आलाय, रंगू.”

चंदरने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या भांड्यातला रस्सा बोटावर घेऊन चाखला.

“आये, हे आळणी हाय!”

गुणाजीचा घास हातातच राहिला.

“चव कवापासून कळत न्हाय?” रंगूने विचारलं.

“पहिल्याच सफरीत ताप आला. तवापासून.”

“म्हंजे एकाही जागी काय खाल्लं ते तुमाला ठाव न्हाय. मग कशावरनं निवडल्या त्या जागा? माझ्या पोराला कुणाच्या हवाली करताय? खरं सांगा, न्हायतर परवा तो बोटीवर चढत न्हाय.”

“आये, काय बोलतेस!”

“तू गप.”

गुणाजीने घास ताटात ठेवला. बोलताना त्याने चंदरकडे पाहिलं नाही.

“चव तो ओळखील. त्यात मी काय सांगणार? काचेच्या हॉटेलात काळ्या माणसाला दारातनंच हाकलतात, रंगू. लिव्हरपूललाबी तसंच. जिथं मला आत बसवून वाढलं, तेवढ्याच जागा त्याला सांगितल्या.”