दोराचा शेवटचा गडी

दोराच्या मधोमध बांधलेलं लाल फडकं चुन्याच्या रेघेवरून गावाच्या बाजूला वीतभर सरकलं, तेव्हा मांडवातल्या इंग्रज साहेबाने तोंडातला चिरूट काढून हातात घेतला.

गावचे आठ आणि पोलिसांचे आठ. महायुद्ध जिंकल्याचा सरकारी जलसा होता. शिरपूरपासून किन्हीराजापर्यंतची माणसं कापूस वेचायचा टाकून आली होती. सकाळी साहेबाने भाषणात सांगितलं, की जगात सगळ्यात थोर राष्ट्र इंग्रजांचं, कारण इंग्रज एकजुटीने ओढतो. हिंदुस्थानात दहा माणसांच्या हाती दोर दिला तर दहाही दिशांना ताणतील. त्यावर रंगराव पाटील उठले. दर गणपतीत ‘आपल्यासारखं राष्ट्र पृथ्वीच्या पाठीवर नाही’ म्हणून गावाला छातीठोक सांगणारे ते हेच पाटील. म्हणाले, साहेब, दोर आणवा. साहेब हसला आणि पैज ठरली: हरेल त्या बाजूच्या पुढच्या गड्याने मांडवात चढायचं आणि जिंकणाऱ्याचं राष्ट्र जगात थोर, असं सगळ्यांदेखत म्हणायचं.

गावाचा पुढचा गडी इंद्रभान. पैज पाटलांची, जीभ इंद्रभानची. पण त्याला त्याची धास्ती नव्हती, कारण दोराच्या शेवटी खुद्द पाटील उभे होते, कमरेला दोराचा वेढा घालून. एवढा मोठा माणूस कोट काढून मातीत उतरला, यानेच त्याला भरून आलं होतं. तो बैलासारखा ओढत होता.

समोर पोलिसांचा पुढचा गडी हरिसिंग. कामरगावकडच्या तांड्यावरचा, इंद्रभानचा बाजारातला दोस्त. साहेबाच्या राष्ट्राच्या बाजूने ओढणाऱ्या आठांत इंग्रज औषधालाही नव्हता. ही गोष्ट साहेबासकट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

“दमानं घे ना इंद्रभान,” हरिसिंग दात आवळून पुटपुटला. “साहेब पाहून राह्यला. माही नोकरी जाईन.”

“मंग सोडून दे.”

“सोडता येत असतं त अजून काय पायजे होतं.”

इंद्रभानला तशातही हसू आलं. फडकं आणखी सरकलं. आता जिंकायला हातभर राहिलं होतं. बघ्यांनी ओरडायला सुरुवात केली. त्याने टाचा मातीत रोवल्या आणि मागे न बघता हाक दिली, “पाटील, संभाळा. हे शेवटचं.”

आणि दोर मागून हलका झाला. हातातून सरसरत पुढे पळाला. इंद्रभान तोंडावर आपटला, त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पोलीस पाठीवर पडले. धूळ बसली तेव्हा लाल फडकं हरिसिंगच्या पोटावर होतं.

“आमी नाई ओढलं, इंद्रभान,” हरिसिंग पडल्या पडल्या म्हणाला. “तुमीच आले.”

पाटलांच्या पुढे जगदेव होता. तो उठला, वळला आणि बघतच राहिला. पाटील पडले नव्हते. ते कोट चढवत होते.

“येढा सुटला कसा, पाटील?”

“घामानं निसटला रे.”

“कमरंचा येढा घामानं सुटत नसते.”

पाटलांनी गुंड्या लावल्या. “आता झालं ते झालं. इंद्रभान, जाय, बोलून टाक.”

“मी काहून बोलू?”

“शब्द देल्ला हाय आपण. आपल्या राष्ट्रात शब्द मोडत नसतात.”

एवढं सांगून ते स्वतःच पुढे झाले. इंद्रभान मागोमाग निघाला. दुसरं काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सकाळी मांडवात तीन खुर्च्या होत्या. इंद्रभान वर चढला तेव्हा चार झाल्या होत्या आणि चौथीवर, साहेबाला लागून, पाटील बसले होते. साहेबाशेजारी खुर्ची मिळावी म्हणून भलेभले जन्म घालवतात. इंद्रभानला खुर्चीचं काही सुखदुःख नव्हतं. पण ती काही सुताराकडून आत्ता करून आणलेली नव्हती, हे त्याला दिसत होतं. सकाळी दोर मागवला तेव्हाही ती इथेच कुठेतरी, मांडवाच्या मागे, पाटलांच्या नावाने उभी असणार. सख्ख्या बापाने दगा दिला असता तरी इतकं लागलं नसतं.

“बोलो,” साहेब म्हणाला. त्याचं बोलणं गोड होतं, राग त्याला नव्हताच.

इंद्रभानने पाटलांकडे पाहिलं. पाटील दूर झाडाकडे बघत होते.

“इंग्रजाचं राष्ट्र साऱ्या जगात थोर,” तो म्हणाला.

साहेबाने टाळीची खूण केली. खाली हरिसिंगने सवयीने हात उचलले, जगदेवनेही उचलले, आणि दोघांनी ते तसेच खाली सोडले. दोन्ही बाजूंचे मिळून चौदा जण खाली उभे होते आणि चौदा जणांच्या तळहातांची सालं दोराने नेली होती. तसल्या हातांनी टाळी वाजत नाही.

एकच टाळी वाजली. इंद्रभानच्या कानाजवळ, चौथ्या खुर्चीवरून. चांगली खणखणीत होती.